हाताला लागेल असं हृदय

तुळशीदास धुरींनी केलेलं काम चाळीस वर्षांत एकदाही परत आलं नव्हतं. ते परत केलं चौदा वर्षांच्या अक्षताने, आणि तिला तर जन्मापासून दिसत नव्हतं.

घाटकोपरच्या भाटवाडीत, डोंगराच्या चढावर तुळशीदासांचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबट शेड, पण नाव मोठं. मूर्ती काय, सगळेच करतात. तुळशीदासांची ख्याती आखणीची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम. श्रावण लागला की विक्रोळी-भांडुपचे कारखानदार स्वतःच्या मूर्ती टेम्पोत घालून त्यांच्याकडे आणतात, केवळ डोळ्यांसाठी. तुळशीदास श्वास रोखून ब्रश टेकवतात आणि एका दमात पापणीची रेघ ओढतात. त्या वेळी शेडमध्ये कुणी शिंकलं तर त्याची धडगत नसते. वडील गिरणीत होते. गिरण्यांचा संप झाला त्या वर्षी तुळशीदासांची नववी अर्धवट सुटली आणि काकांनी त्यांना शाडूच्या मातीत आणून बसवलं. तेव्हापासून त्यांनी कामात कसर ठेवली नाही आणि दुसऱ्याची खपवूनही घेतली नाही. मूर्तीच्या पोटावरून हात फिरवताना जराशी खरखर लागली की ते कारागिराच्या हातात पुन्हा पॉलिश पेपर देतात, मग तो जेवायला निघालेला असो की गावाला.

अशा माणसाकडे दसऱ्यानंतरच्या आठवड्यात कल्पिताबाई आल्या. मुलुंडला अंध मुलींची एक निवासी शाळा आहे, तिथे त्या विज्ञान शिकवतात. बाई बोलायला गोड आणि हट्टाला पक्क्या.

"काका, मला एक माणूस करून हवाय," त्या म्हणाल्या.

"कुठल्या पक्षाचा?" तुळशीदासांनी विचारलं. निवडणुका जवळ आल्या होत्या आणि दोन पुतळ्यांची विचारणा येऊन गेली होती.

"कुठल्याच नाही. मला बाहेरून नकोच आहे तो. मला त्याच्या आतलं हवंय."

मग बाईंनी सगळं समजावून सांगितलं. शाळेत शरीराचं प्लास्टिकचं मॉडेल होतं, दुकानातून आणलेलं, हातभर उंचीचं. त्यातली फुप्फुसं म्हणजे दोन उंचवटे आणि आतडी म्हणजे नुसता उठाव. मुली शरीर पाठ करत होत्या, पाढे करतात तसं. हृदयाला कप्पे किती, तर चार. कप्पा म्हणजे काय, तर डब्याला असतो तसा. बाईंना खऱ्या मापाचं धड हवं होतं, छाती-पोट उघडणारं, ज्यातला प्रत्येक अवयव बाहेर काढून हातात घेता येईल.

"आणि आमच्या एका मुलीला तर घाईच आहे," त्या म्हणाल्या.

ती मुलगी म्हणजे अक्षता. गोराईच्या कोळीवाड्यातली, आई वनमाला बोरिवलीच्या बाजारात मासे विकते. शाळेच्या आरोग्य तपासणीत डॉक्टरांना अक्षताच्या छातीत वेगळाच आवाज ऐकू आला, पुढे सोनोग्राफी झाली आणि कळलं, की तिच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये जो पडदा असतो त्याला भोक आहे. जन्मापासूनचं. जिना चढताना ती दमायची, सारखी सर्दी व्हायची, आणि सगळे म्हणायचे पोरगी नाजूक आहे. छाती न फाडता, मांडीतून नळी घालून ते भोक बुजवता येणार होतं. तेवीस जानेवारीची तारीखही मिळाली होती. डॉक्टर म्हणाले होते, धावपळ नको, पण आता उशीरही नको. हृदयाची उजवी बाजू जास्तीचं काम करून फुगायला लागली आहे.

अक्षताने साफ नकार दिला होता.

का, तर डॉक्टरांनी आईला पडद्यावर चित्र दाखवलं, शाळेच्या मुख्याध्यापिकांना कागदावर काढून दाखवलं, वसतिगृहाच्या ताईंनाही समजावलं. जिच्या छातीत ते भोक होतं तिच्या फक्त डोक्यावरून हात फिरवला आणि 'घाबरायचं नाही हं बाळा' म्हटलं. डोळे नसलेल्या माणसाला कानही नसतात असं समजणारे लोक या जगात भरपूर आहेत, आणि ते सगळे वाईट असतात असंही नाही. पण राग यायचा तो येतोच. अक्षता म्हणाली, "माझ्या आत शिरणार आणि मलाच ठाऊक नाही कुठून शिरणार? मला हाताला लागल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही." वनमालाने रडून पाहिलं, रागावून पाहिलं. धरून नेली असती, पण डॉक्टरच म्हणाले, की मुलीच्या मनाविरुद्ध नको.

बाईंनी सोबत शरीराच्या चित्रांचं एक पुस्तक आणलं होतं, तुळशीदासांनी ते ठेवून घेतलं.

त्यानंतरचा दीड महिना त्यांच्या आयुष्यातला फार सुखाचा गेला, हे कबूल करायला हवं. माणसाच्या आत इतकं काही आहे हे त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कळत होतं. लहान आतडं वीस फूट लांब असतं हे वाचल्यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी काथ्याची दोरी मोजली आणि शेडच्या मागच्या भिंतीपासून सोडत आणली, तर ती दारातून बाहेर पायरीवर गेली. तीच दोरी मग स्वतःच्या पोटावर धरून ते अर्धा तास घड्या घालत बसले. त्यांची बायको सगुणा चहा घेऊन आली तेव्हा म्हणाले, "हे कोणी बसवलं असेल गं आत? मला तर दहा फुटांचा मंडपाचा पडदासुद्धा पेटीत धड बसवता येत नाही." यकृत दीड किलोचं असतं आणि उजव्या फासळ्यांखाली मुकाट्याने शेकडो कामं करतं, रक्तातलं विष काढतं, पित्त करतं, साखर साठवून ठेवतं, हे वाचून ते उजव्या कुशीवर हात ठेवून बसले होते म्हणे.

एका गोष्टीने मात्र त्यांना छळलं. मूर्तिकाराची नजर दोन्ही बाजू सारख्या बघते. डावा कान उजव्यापेक्षा चिमूटभर खाली असला तरी त्यांना चैन पडत नाही. त्यांनी फुप्फुसं केली ती एकाच साच्यातली. कल्पिताबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, उजव्याला तीन भाग असतात, डाव्याला दोनच. डावीकडे हृदयाला जागा करून द्यावी लागते. तसंच उजवं मूत्रपिंड यकृतामुळे जरासं खाली असतं. तुळशीदासांनी हे ऐकून घेतलं आणि साचे बदलले, पण त्या रात्री जेवताना ते बायकोला म्हणाले, की देवाने स्वतःच्या मूर्तीत जे चालवून घेतलं नसतं ते माणसात खुशाल चालवून घेतलंय.

नोव्हेंबरच्या शेवटी धड तयार झालं. असं काम भाटवाडीने पाहिलं नव्हतं. प्रत्येक अवयव पॉलिश पेपरने घासून आरशासारखा गुळगुळीत केलेला. यकृत तपकिरी, पित्ताशय हिरवं, शुद्ध रक्ताच्या रोहिण्या लाल, परतीच्या नीला निळ्या. हृदय तर मधोमध कापलं होतं आणि कापलेल्या सपाट बाजूवर चारही कप्पे पुस्तकातल्यासारखे रंगवले होते. पडद्यातलं भोक पांढऱ्या रंगात नेमकं गोल काढलं होतं, आखणीच्या ब्रशने. शाळेत ते मांडलं तेव्हा मुख्याध्यापिका, कल्पिताबाई, शिपाई, स्वयंपाकीणबाई, सगळ्यांच्या तोंडून एकदमच "वा!" निघालं. तुळशीदास मनातून फुलले.

मग मुली आल्या. आठ-दहा जणी धडाभोवती उभ्या राहिल्या आणि बोटं फिरू लागली. कुणी "वा" म्हणालं नाही. पाच मिनिटं नुसती बोटं फिरत राहिली. शेवटी एक बारीक चणीची, दोन वेण्या घातलेली मुलगी म्हणाली, "काका, यातलं जठर कुठलं आणि यकृत कुठलं?"

"अगं, ते तपकिरी..." तुळशीदास म्हणाले आणि तिथेच थांबले. तोंडात मारल्यासारखं झालं त्यांना.

"सगळं बाथरूमच्या टाईल्ससारखं लागतंय," ती म्हणाली. हीच अक्षता. "आतलं असं नसतं, काका. मी घरी मासे साफ करते. सुरमईच्या पोटात हात घातला ना, की काळीज वेगळं लागतं, आतडं वेगळं, अंड्यांची गाबोळी वेगळी. न बघता सगळं कळतं. आणि हे हृदय?" तिने हृदयाचे दोन्ही अर्धे भाग हातात घेतले, सपाट बाजूवरून अंगठा फिरवला, मग बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. "हा तर ठोकळा आहे. यात रक्त येणार कुठून आणि जाणार कुठून?"

"अक्षता," कल्पिताबाई दटावायला गेल्या.

"भोक कुठाय माझं?" अक्षताने विचारलं.

तुळशीदासांनी तिचं बोट धरून त्या पांढऱ्या वर्तुळावर ठेवलं. बोट रंगावरून घसरलं. तिथे काहीच नव्हतं. अक्षताने हृदय शांतपणे त्यांच्या हातात परत दिलं. "छान असेल," ती म्हणाली, "पण मला नको."

तुळशीदास धड टेम्पोत घालून परत घेऊन आले. बाई नको नको म्हणत होत्या, पण फसलेलं काम दुसऱ्याच्या घरी ठेवण्याची त्यांची रीत नव्हती. घरी येऊन ते भिंतीकडे तोंड करून पडले. सगुणा त्यांच्याशी अजून मालवणीच बोलते. लग्न होऊन कुडाळहून आली तेव्हापासून तिने भाषा बदलली नाही आणि स्वभावही नाही.

"जेवतास मां?" तिने विचारलं.

त्यांनी झालेलं सगळं सांगितलं. सहानुभूती मिळेल असं वाटलं असावं.

"बरोबर बोल्ला ता चेडू," सगुणा म्हणाली. "डोळे आसत त्येंच्यासाठीच केल्यात तुमी ता. आंधळा चेडू नाय, तुमची बोटां आंधळी."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. तुळशीदासही एरवी भांडलेच असते. पण ते उठून बसले, कपाटातून सगुणाचा जुना स्कार्फ काढला आणि डोळ्यांना बांधला. मग त्यांनी परत आणलेलं यकृत, जठर आणि मूत्रपिंड सगुणाला नाव न सांगता कुठल्याही क्रमाने द्यायला सांगितलं, आणि एकेक हातात घेऊन ओळखायला लागले. तीनातलं एकसुद्धा धड ओळखता आलं नाही. जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामावरून हात फिरवून खोड काढत आला होता, त्याच्या हाताला फक्त खोडच कळत होती, वस्तू कळत नव्हती. हे त्यांनी स्वतःच पुढे कल्पिताबाईंना सांगितलं, आणि सांगताना त्यांना लाज वाटली नाही. त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी. चाळीस वर्षांचा नावाजलेला कारागीर अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिलीत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाटकाकडे गेले आणि बकऱ्याचं अख्खं हृदय, फुप्फुसं आणि श्वासनलिका मागितली. खाटकाने मसाला कसा करायचा तेही सांगितलं. तुळशीदासांनी ते सगळं शेडमध्ये परातीत ठेवलं, डोळे बांधले आणि सुरीने हृदय उभं चिरून दोन बोटं आत घातली.

डावीकडच्या खालच्या कप्प्याची भिंत अंगठ्याएवढी जाड लागली आणि उजवीकडची पातळ. त्यांना वाटलं बकऱ्यातच काही दोष असावा. फोनवर कल्पिताबाई म्हणाल्या, "नाही काका, तसंच असतं. उजव्याला रक्त शेजारच्या फुप्फुसांत ढकलायचं असतं, डाव्याला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. ज्याला लांब पाठवायचंय त्याला ताकद जास्त." कप्प्यांच्या तोंडाशी पातळ झडपा होत्या आणि त्या झडपा आतून बारीक दोऱ्यांनी भिंतीला बांधलेल्या होत्या, उलटू नयेत म्हणून. तुळशीदासांनी एकेक दोरी चिमटीत धरून पाहिली. एवढ्या बारीक दोऱ्या, आणि त्या दिवसाला लाखवेळा ताणल्या जातात. त्यांचे डोळे स्कार्फखाली भरून आले. बायकोला त्यांनी सांगितलं, की मूर्तीच्या आत कोण बघतंय म्हणून आपण काथ्या कोंबतो. इथे जे कुणीच बघणार नाही तिथे सगळ्यात जास्त कलाकुसर केलीय.

बाईंनी बकऱ्याचं एक हृदय वर्गातही नेलं. अक्षताने ते मन लावून चाचपलं, झडपा ओळखल्या, पण वरचे कप्पे चोळामोळा होऊन बसले होते. "आणि याला भोक नाहीये," ती म्हणाली. "मला माझं पाहिजे."

डिसेंबरभर तुळशीदास डोळे बांधून काम करत होते. माघी गणपतीच्या मूर्ती कोपऱ्यात रांगेने ताटकळत बसल्या होत्या, त्यांना कुणी विचारत नव्हतं. धडाचा सांगाडा तोच ठेवला, त्याला डोकं, एक हात आणि मांडी जोडली, आणि आतलं सगळं नवं केलं. यकृत तेवढं गुळगुळीत राहिलं, कारण ते असतंच तसं. बाकी पॉलिश पेपर फडताळात गेला. जठर त्यांनी कापडाचं केलं, आत चुण्या असलेलं, म्हणजे हात घातला की कळावं की अन्न इथे घुसळलं जातं. लहान आतड्याची वीस फुटी नळी सगुणाने मशीनवर शिवली, तिच्या आतून जुना टॉवेल लावला, कारण खऱ्या आतड्याला आतून तशीच बारीक लव असते आणि अन्नरस ती लवच शोषून घेते. ती नळी बसवायची कशी हा प्रश्न सगुणानेच सोडवला. तिने आतड्याची एक कड सबंध लांबीभर एका कापडी पट्टीला शिवली आणि पट्टीला साडीसारख्या निऱ्या घातल्या. वीस फूट आतडं वितीभर जागेत जाऊन बसलं. पुस्तकात पाहिलं तर शरीरातही आतड्याला असाच निऱ्या घातलेला पडदा असतो. सगुणा महिनाभर त्या गोष्टीचा उल्लेख करत होती.

श्वासनलिकेला कड्या असतात, पण त्या मागच्या बाजूने उघड्या असतात, कारण मागे अन्ननलिका असते आणि घास जाताना तिला फुगायला जागा लागते. हे कळल्यावर तुळशीदासांनी प्लास्टिकच्या बांगड्या एका बाजूने कापून एकाखाली एक बसवल्या. फुप्फुसं स्पंजची झाली. रोहिण्यांना जाड रबरी नळी, दाबली की परत उसळणारी. नीलांना मऊ, चपटी. हातातला मज्जातंतू म्हणजे मेणाचा दोरा. तो मणक्यातून मेंदूपर्यंत अखंड जात होता, बोटाशी धरून सरकत गेलं तर थेट डोक्यात पोचता येत होतं. एकेक गोष्ट पुरी झाली की ते सगुणाचे डोळे बांधायचे आणि तिच्या हातात द्यायचे. तिने ओळखलं तर ठेवायची, नाही तर मोडायची. एका मूत्रपिंडाला ती चार वेळा आंबाड्याचं फळ म्हणाली आणि ते चार वेळा मोडलं गेलं.

हृदयाचं मात्र घरात भागणार नव्हतं. भोक केवढं, नेमकं कुठे, हे अंदाजाने करणं त्यांना पाप वाटत होतं. वनमालाला फोन करून ते तिच्याबरोबर इस्पितळात गेले. डॉक्टर निमेश तरुण होते. हा रंगाने माखलेल्या नखांचा माणूस 'भोकाचं माप द्या' म्हणतोय याचा त्यांना आधी उलगडाच होईना. वनमाला शेजारी गप्प बसून होती. बाजारात वीस गिऱ्हाइकांना एका वेळी ऐकवणारी बाई, इथे खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तुळशीदासांनी पिशवीतून कापडी जठर काढून टेबलावर ठेवलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "डोळे मिटून हात घाला." डॉक्टरांनी हात घातला. मग त्यांनी दार बंद करून घेतलं आणि पुढचे पेशंट अर्धा तास थांबले.

भोक होतं सोळा मिलिमीटरचं. डॉक्टरांनी नळीचा रस्ता काढून दिला आणि ड्रॉवरमधून दाखवण्यासाठी ठेवलेली एक चकती दिली. बारीक तारेच्या जाळीच्या दोन तबकड्या, मध्ये आखूड दांडा. नळीतून जाताना ती मिटलेली असते आणि भोकापलीकडे गेली की एक तबकडी तिकडे उघडते, एक अलीकडे, आणि पडदा दोघींच्या मध्ये पकडला जातो. "सहा महिन्यांत तिच्यावर शरीर स्वतःची कातडी चढवतं," डॉक्टर म्हणाले. तुळशीदासांनी ती चकती तळहातावर घेऊन खूप वेळ पाहिली. माणसाच्या हातच्या कामाबद्दलही त्यांना त्या दिवशी बरं वाटलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते धड घेऊन पुन्हा शाळेत गेले. या वेळी त्यांनी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही, फक्त बोटांकडे पाहिलं. बोटं थांबत होती. एक मुलगी आतड्याची नळी ओढत ओढत वर्गाच्या दारापर्यंत गेली आणि "अजून आहे!" म्हणून ओरडली. दुसरी स्वतःच्या गळ्यावर एक हात आणि बांगड्यांच्या श्वासनलिकेवर दुसरा हात ठेवून उभी होती.

अक्षता हृदयाकडे गेली. ते तिच्या मुठीएवढं होतं, कारण तिचं तेवढंच होतं. कापड, कागदाचा लगदा आणि रबराचं, दाबलं तर दबणारं. वरच्या बाजूला झाकण उघडलं की चारही कप्प्यांत बोट जायचं. ती खालपासून निघाली. जाड भिंत, पातळ भिंत, झडप, दोऱ्या. मग उजवीकडच्या वरच्या कप्प्यात तिने तर्जनी घातली, पडद्यावरून फिरवली आणि बोटाचं टोक एका कडेवरून आत घसरलं. पलीकडून तिने दुसऱ्या हाताचं बोट घातलं. डाव्या कप्प्यात दोन्ही बोटं एकमेकांना भेटली.

"हे?" ती म्हणाली.

"हे," तुळशीदास म्हणाले.

"यातून रक्त कुठल्या बाजूला जातं?"

नववी सुटलेल्या तुळशीदासांनी बाईंकडे पाहिलं नाही. "डावीकडून उजवीकडे. डावीकडे जोर जास्त ना. फुप्फुसातून चांगलं शुद्ध होऊन आलेलं रक्त, ते अंगभर जायचं सोडून थोडं या भोकातून मागे फिरतं आणि पुन्हा फुप्फुसातच जातं. झालेलंच काम परत. म्हणून तू दमतेस. तू नाजूक-बिजूक काही नाहीस गं, तुझं हृदय दुप्पट हमाली करतंय."

अक्षताने नळी मागितली. तुळशीदासांनी डॉक्टरांची चकती आत मिटवून ठेवलेली नळी तिला दिली आणि तबकड्या कशा उघडतात ते सांगितलं. धडाच्या मांडीशी नीला उघडी ठेवली होती. तिने नळी तिथून आत सारली, पोटातून वर, यकृताच्या मागून, उजव्या कप्प्यात. भोक शोधायला वेळ लागला. पलीकडे जाऊन पहिली तबकडी उघडली, मागे ओढली, ती पडद्याला टेकली, मग दुसरी उघडली. तिने बोटाने चाचपून पाहिलं. भोक नव्हतं. तिने सगळं काढलं आणि पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा तिला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"बाई, आईला बोलवाल?" ती म्हणाली.

वनमाला दुपारी बाजार अर्धा सोडून आली, हाताला अजून मासळीचा वास. तिने दारातूनच मुलीचा चेहरा बघितला आणि तिला वाटलं पुन्हा नकारच.

"आये, बस. डोले मीट," अक्षता म्हणाली. घरच्या माणसाशी बोलताना ती शाळेची भाषा सोडते.

"कशाला?"

"मीट गो. डॉक्टरनी तुला फोटू दाखवला, तुला काय कलला?"

वनमालाने मुलीकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग खाली. तीन महिने ती सगळ्यांना 'हो, समजलं' म्हणत आली होती. सह्या केल्या होत्या, माना डोलावल्या होत्या. "मना कायच कलला नाय," ती हळूच म्हणाली. "काला काला दिसत व्हता सगला. मना वाटला तुझा अर्धा कालीजच नाय."

तुळशीदासांना इस्पितळातली तिची खुर्चीच्या कडेवरची बैठक आठवली आणि स्वतःचा राग आला. मुलीला कुणी दाखवलं नाही म्हणून एवढं रान उठवलं. आईने डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून तिला दिसलं असणार असंच सगळ्यांनी धरून चाललं होतं.

वनमालाने डोळे मिटले. अक्षताने तिची तर्जनी धरली, तिच्यावर कोळंबीचे काटे टोचून पडलेले जुने घट्टे होते, आणि हृदयात नेली. पडदा दाखवला. मग बोटाचं टोक त्या भोकात बसवलं.

"हा बघ," ती म्हणाली. "एवराच हाय. बाकी सगला जागेवर हाय माझा."

"एवराच?"

"एवराच. तेवीस तारखेला जाऊया."

वनमाला मग रडली. चारचौघांत, मोठ्याने, तीन महिन्यांचं. पण बोट तिने तिथून काढलं नाही.

तेवीस तारखेला अक्षता आत गेली तेव्हा स्ट्रेचरवरून डॉक्टर निमेशना सांगत होती, की आधी डावीकडची तबकडी उघडायची, विसरू नका. बाहेर बाकावर तुळशीदास, सगुणा आणि वनमाला बसले. वनमालाने ते हृदय मागून घेतलं होतं. मांडीवर धरून, डोळे मिटून, भोकात बोट घालून ती तासभर तशीच बसली. सगुणाने दिलेला चहासुद्धा तिने डाव्या हाताने घेतला आणि न पिताच ठेवला. साडेअकराला डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली ओढला आणि म्हणाले, "बसलं. अगदी नीट बसलं."

वनमालाने मग बोट बाहेर काढलं.